पार्कात बिअर ओतून टाकायला लावली, म्हणजे आम्ही गुन्हा केला का?

आलेला प्रश्न थोडक्यात असा: "ताई, आम्ही चौघं मार्चमध्ये पुण्याहून इंग्लंडात नोकरीला आलो. परवा शनिवारी संध्याकाळी गावातल्या पार्कात गवतावर बसून बिअर पीत होतो. ना आरडाओरडा, ना स्पीकर. कौन्सिलचं जाकीट घातलेला एक माणूस आला, इथे पिता येत नाही म्हणाला. उघडे तीन कॅन आमच्याच हातानं ओतायला लावले आणि न उघडलेले दोन घेऊन गेला. पावती नाही, दंड नाही. हे कायद्यात बसतं का? याची कुठे नोंद होऊन व्हिसाला अडचण येईल का? आणि ऑगस्टात आमच्या मंडळाची सहल त्याच पार्कात ठरली आहे. तिथे बिअर-वाइन आणायची की नाही?"

आधी जीव भांड्यात पडू द्या. तुम्ही चौघांनी कोणताही गुन्हा केलेला नाही. आणि त्या माणसानंही बहुधा अधिकाराबाहेर काही केलेलं नाही. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा, एवढं कळलं की तुमचे तिन्ही प्रश्न सुटतात, म्हणून जरा विस्तारानं लिहिते. मी मिडलंड्समधल्या एका कौन्सिलच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या, समाजसुरक्षा विभागात १७ वर्षं आहे. असले आदेश लिहिणं, नकाशावर त्यांची हद्द आखणं आणि मग दोन्ही बाजूंच्या शिव्या खाणं, हे माझं काम.

तुमच्या डोक्यात महाराष्ट्राचा कायदा आहे, घोटाळा तिथून सुरू होतो. आपल्याकडे १९४९चा दारूबंदी कायदा. त्यात मुळात बंदी आणि परवाना हा अपवाद. दुकानदार पाच रुपयांचा एका दिवसाचा परवाना फाडतो किंवा फाडल्यासारखं करतो, हजार रुपयांत आजन्म परवाना मिळतो, तो कुणी काढत नाही आणि कुणी विचारत नाही. पण कायद्याच्या नजरेत पिणाऱ्यानं आपण का पितोय हे दाखवायचं असतं. रस्त्यात झिंगून धिंगाणा घातला की कलम ८५. गोव्यासारख्या मोकळ्याढाकळ्या राज्यानंही २०१९मध्ये पर्यटनस्थळांच्या कायद्यात दुरुस्ती करून उघड्यावर पिणाऱ्या एकट्याला २,००० रुपये आणि टोळक्याला १०,००० रुपये दंड ठरवला. म्हणजे बाटली तोंडाला लावली, तिथेच गुन्हा झाला.

इंग्लंड आणि वेल्समध्ये गाडी उलट्या दिशेनं धावते. १८ वर्षं पूर्ण झालेल्या माणसानं रस्त्यात, बागेत, नदीकाठी बसून प्यायला देशभर लागू असलेली कोणतीही मनाई नाही. मनाई असते ती ठरावीक जागेपुरती, तिथल्या कौन्सिलनं घातलेली. आणि त्या जागेतसुद्धा पिणं हा गुन्हा नाही. 'थांबा' म्हटल्यावर न थांबणं हा गुन्हा आहे.

हे वाक्य मी आमच्या नव्या गस्तवाल्यांना पहिल्या दिवशी फळ्यावर लिहून दाखवते, कारण त्यांनाही ते खरं वाटत नाही. आधार आहे तो समाजविघातक वर्तन, गुन्हे आणि पोलिसविषयक २०१४च्या कायद्याचा. त्याच्या कलम ५९खाली कौन्सिल जो आदेश काढते त्याचं नाव पब्लिक स्पेसेस प्रोटेक्शन ऑर्डर. ऑफिसात आम्ही नुसतं पीएसपीओ म्हणतो. कुत्र्याची घाण, गाड्या पळवणं, रस्त्यात लघवी, असं बरंच काही अशा आदेशात येऊ शकतं आणि ते मोडलं की थेट गुन्हा होतो. दारूचं मात्र वेगळं ठेवलं आहे. कलम ६७ स्पष्ट म्हणतं की आदेश असलेल्या जागी दारू पिणं हा या कलमाखाली गुन्हा नाही, त्यासाठी कलम ६३ पाहा. आणि कलम ६३ असं: पोलिसाला किंवा कौन्सिलनं अधिकार दिलेल्या माणसाला सबळ कारणानं वाटलं की तुम्ही आदेशाविरुद्ध पीत होता किंवा पिणार आहात, तर तो तुम्हाला दोन गोष्टी सांगू शकतो. पिऊ नका, आणि जवळची दारू किंवा तिचा डबा-बाटली माझ्याकडे द्या. हे सांगताना त्यानं हेही सांगायचं असतं की योग्य कारणाशिवाय ऐकलं नाहीत तर तो गुन्हा होईल. मग तुम्ही ऐकलं नाहीत, तर गुन्हा. ऐकलंत, तर विषय तिथेच संपला.

तुम्ही ऐकलंत. म्हणून तुमच्या बाबतीत कायद्याच्या दृष्टीनं काही घडलंच नाही. पावती मिळाली नाही म्हणून तुम्हाला संशय आला, पण पावती कशाची देणार?

आता त्या दोन न उघडलेल्या कॅनबद्दल. पुष्कळांना वाटतं की सील असलेल्या डब्याला हात लावता येत नाही. लावता येतो. कलमात उघड्या आणि बंद डब्यात फरक केलेला नाही. ते तुम्ही तिथेच पिणार होता असं त्याला सबळ कारणानं वाटायला हवं. चौघं गवतावर, तीन कॅन उघडे आणि दोन शेजारी गार पिशवीत, म्हटल्यावर ते वाटणं फारसं अवघड नाही. घेतलेल्या मालाचं काय करायचं हेही कायद्यानं त्याच्यावरच सोडलं आहे, त्याला योग्य वाटेल तशी विल्हेवाट. त्या कॅनचे पैसे परत मिळणार नाहीत. मी आमच्या लोकांना मात्र सांगते की माणसं निमूटपणे उठून निघाली असतील तर बंद कॅन त्यांच्या पिशवीत राहू द्या. घरी जाऊन प्यायला आमची कसलीच हरकत नाही आणि दोन कॅनपायी आयुष्यभराचा राग कशाला विकत घ्यायचा? तुमचा गस्तवाला जरा कडक निघाला, इतकंच.

त्याचे अधिकार तिथेच संपतात हेही लक्षात ठेवा. कौन्सिलच्या माणसाला तुमची झडती घेता येत नाही. पिशवीत हात घालता येत नाही, तुमच्या हातातून कॅन हिसकावता येत नाही. तो फक्त सांगू शकतो. आणि तुम्ही ओळखपत्र मागितलंत आणि त्यानं दाखवलं नाही, तर त्याचं सांगणं ग्राह्यच धरलं जात नाही. हे कलमातच आहे. पोलिसाला गणवेशच पुरतो, कौन्सिलवाल्याला कागद लागतो.

या अटीची किंमत मला एका बाकावरच्या माणसानं शिकवली. आमच्या बसस्थानकामागे एक लाकडी बाक होता. तिथे साठीचा एक गृहस्थ रोज साडेदहाला स्ट्राँग सायडरची, म्हणजे सफरचंदाच्या दारूची, निळी बाटली घेऊन बसायचा. आयुष्य कारखान्यात गेलेलं, बोलणं मऊ, आणि आमचा आदेश त्याला माझ्यापेक्षा चांगला पाठ. रोज गस्तवाला आला की हा आधी म्हणायचा, कार्ड प्लीज. कार्ड बघायचा, चष्मा लावून तारीख वाचायचा, मग बाटली स्वतः उठून गटारात ओतायचा आणि परत बसायचा. एकदा नवा मुलगा ड्यूटीवर गेला, कार्ड लॉकरात राहिलेलं. बाकावरच्यानं हात पुढे केला, मुलगा खिसे चाचपत राहिला. "मग मी पितो," तो म्हणाला, आणि त्या मुलासमोर सावकाश, घोट घोट घेत अर्धी बाटली संपवली. मुलगा रडकुंडीला येऊन मला फोन करतोय, आणि मला सांगावं लागतंय की बाळा, तो बरोबर आहे, तू परत ये.

पण हे ज्ञान वापरून तुम्ही पार्कात वकिली करायला जाऊ नका. तो म्हातारा शांतपणे कार्ड मागायचा, आपली पोरं फोनवर व्हिडिओ चालू करून "कुठल्या कलमाखाली?" असं ओरडत मागतात. मग समोरचा पोलिस बोलावतो, आणि पोलिसाकडे आणखी हत्यारं असतात. दारू पिऊन सार्वजनिक जागी गोंधळ घालणं हा सगळीकडे गुन्हा आहे, त्याला पीएसपीओ लागत नाही. नुसतं झिंगून सार्वजनिक जागी सापडणंसुद्धा १८७२च्या कायद्यापासून गुन्हा आहे. शिवाय ठरावीक परिस्थितीत काही काळापुरतं त्या भागातून निघून जायला सांगण्याचा अधिकार पोलिसांना आहे. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

न ऐकणाऱ्याला काय होतं तेही सांगते. कोर्टात गेलं तर दारूच्या बाबतीत कमाल दंड ५०० पौंड. बहुतेक वेळा कोर्टाआधी जागच्या जागी दंडाची नोटीस देतात. २०१४च्या कायद्यात तिची कमाल रक्कम १०० पौंड ठरवलेली होती आणि भरायला १४ दिवस. त्या मुदतीत पैसे भरले की त्या प्रकरणात खटला होऊ शकत नाही. नोटीस मान्य नसेल तर अपील नावाचा प्रकार नाही. पैसे न भरता कोर्टात बाजू मांडायची, हाच मार्ग.

व्हिसाची तुमची भीती मला समजते. आमच्या घरी कायम वास्तव्याचा अर्ज भरताना नवऱ्यानं पार्किंगच्या जुन्या पावत्यासुद्धा फाइलीला लावल्या होत्या. तर ऐका: तुम्हाला दंडाची नोटीससुद्धा मिळालेली नाही, त्यामुळे सांगण्यासारखं काही नाही. उद्या कुणाला अशी नोटीस मिळालीच तर ती म्हणजे कोर्टानं ठरवलेला दोष नव्हे. ती मुदतीत भरून टाकावी, भरल्याचा कागद जपून ठेवावा, आणि अर्जात जे विचारलं असेल त्याचं शब्दशः खरं उत्तर द्यावं. लपवाछपवी या देशात दारूपेक्षा महाग पडते. कोर्टापर्यंत गेलेलं असेल तर मात्र मला नाही, इमिग्रेशनच्या वकिलाला विचारा.

आता तुम्ही न विचारलेला, पण तुमच्या रागाच्या तळाशी असलेला प्रश्न. शांतपणे बसलेल्या चौघांना उठवायला हा नियम केलाच कशाला?

तुमच्यासाठी केलेला नाही. पार्श्वभूमी अशी की १९८८मध्ये कोव्हेंट्रीनं पहिल्यांदा शहराच्या मध्यभागी रस्त्यावर पिण्याविरुद्ध उपविधी, म्हणजे गावापुरता नियम, केला. शनिवार रात्रीच्या मारामाऱ्या आणि फुटक्या बाटल्या हे कारण. तिथे पिणं हाच गुन्हा होता, थेट. मग इतर शहरांनी नक्कल केली, गावागणिक भाषा वेगळी, आणि २००१च्या कायद्यानं त्याऐवजी 'आधी सांगा, न ऐकल्यास गुन्हा' हा साचा आणला. माझ्या मते सरकारनं केलेल्या मोजक्या शहाणपणाच्या गोष्टींपैकी ही एक. २०१४चा कायदा २० ऑक्टोबर २०१४ला लागू झाला तेव्हा हा साचा त्यात तसाच उचलला. २००१च्या पद्धतीचे जुने आदेश २०१७मध्ये आपोआप नव्या नावाखाली आले आणि कौन्सिलनं पुन्हा विचार करून मुदत वाढवली नसेल तर तीन वर्षांनी, २०२०मध्ये, संपले. बोर्ड मात्र कुणी काढत नाही. खांबाखांबावर तुम्हाला 'नियंत्रित मद्यपान क्षेत्र' असे गंजके बोर्ड दिसतील, त्यातल्या कित्येकांच्या मागचा आदेश केव्हाच मेलेला असतो. आणि 'नो अल्कोहोल झोन' असं ठणकावून लिहिलेले नवे बोर्डही अर्धसत्यच सांगतात. मी एकदा बोर्डावर खरं वाक्य लिहायचा आग्रह धरला: 'सांगितल्यावर पिणं थांबवलं नाही तर गुन्हा.' छपाईवाल्या विभागानं कळवलं, फार लांब होतं. बाटलीवर लाल काट मारलेलं चित्र लागलं.

स्कॉटलंडला फिरायला जाल तेव्हा हे सगळं विसरा. तिथे अजून उपविधींचाच कारभार आहे. ग्लासगोत रस्त्यावर उघडी बाटली हातात असणं हाच गुन्हा, कुणी आधी येऊन सांगेल याची वाट पाहू नका. लंडनच्या भुयारी रेल्वेत आणि बसमध्ये १ जून २००८पासून असलेली बंदीही कौन्सिलची नाही, वाहतूक मंडळाची आहे. आदल्या रात्री लोकांनी गाड्यांमध्ये शेवटची मेजवानी केली होती आणि इतका राडा झाला की बंदी का हवी याचा पुरावाच त्यांनी देऊन टाकला.

आदेश काढायला कौन्सिलला काय लागतं? दोन अटी. त्या जागी जे चाललंय त्यानं आसपासच्या लोकांच्या जगण्यावर वाईट परिणाम झाला आहे किंवा होण्याची शक्यता आहे, आणि तो प्रकार सतत चालणारा, अवाजवी आणि बंधन घालण्याइतका गंभीर आहे. पोलिसांशी आणि तिथल्या लोकांशी सल्लामसलत करावी लागते. आदेश जास्तीत जास्त तीन वर्षांचा, पुढे वाढवायचा तर पुन्हा कारण दाखवायचं. तो मनमानी वाटला तर तिथे राहणारा, नियमित काम करणारा किंवा येणारा-जाणारा माणूस सहा आठवड्यांच्या आत हायकोर्टात आव्हान देऊ शकतो. सहा आठवडे फार थोडे, आणि हायकोर्ट फार महाग; त्यामुळे प्रत्यक्षात कौन्सिलच्या शहाणपणावर बरंच अवलंबून राहतं.

ते शहाणपण कमी पडल्याचं उदाहरण माझंच आहे. आमच्या पहिल्या आदेशाच्या वेळी तक्रारी होत्या तीन जागांच्या: बसस्थानक, पार्काचा तलावाकडचा कोपरा आणि चर्चची पायरी. तीन छोटी वर्तुळं काढायची सोडून मी अख्ख्या गावाभोवती एक रेघ मारली. म्हटलं, एकदाच काम होऊन जाईल. नकाशा छापला, लाल मार्करनं हद्द आखली, सुनावणीला भिंतीवर लावला. मागच्या रांगेतली एक निवृत्त शिक्षिका उठून नकाशापाशी आली, नाक टेकवून बघितलं आणि विचारलं, "माझी गल्ली या रेषेच्या आत आहे, बाहेर आहे, की रेषेच्या खाली?" मार्करच्या जाडीखाली खरंच एक पूर्ण गल्ली गडप झाली होती. सभा हसली. पण तिचा पुढचा प्रश्न बोचला: आमच्या गल्लीत कधी कोण प्यायलंय, त्याची एक तरी तक्रार दाखवा. नव्हती. तरी आदेश तसाच मंजूर झाला, कारण ऑनलाइन सर्वेक्षणात जवळजवळ सगळ्यांनी 'हो' म्हटलं होतं. दारूबंदी हवी का म्हटल्यावर 'नको' कोण म्हणणार? सुक्याबरोबर ओलंही जळतं म्हणतात, इथे ओल्यांपायी कोरड्यांनाही नियम लागला.

परिणाम सहा महिन्यांत दिसला. बाकावरची मंडळी, म्हणजे निळ्या बाटलीवाला आणि त्याचे तिघे-चौघे सोबती, उठून कालव्याच्या काठी गेले, रेघेच्या दोनशे पावलं बाहेर. गावातल्या तक्रारी घटल्या आणि आमच्या अहवालात तो यशाचा आलेख म्हणून छापला गेला. दारू सोडवण्याच्या सेवेतली एक कार्यकर्ती दर मंगळवारी त्या बाकावर जाऊन त्यांच्याशी बोलायची. तिला ते तीन आठवडे सापडलेच नाहीत. कालव्याच्या कडेला दिवे नाहीत, आणि पाणी खोल आहे. त्यातला एक घसरून पडला. वाचला, पण पाय गेला. तो आलेख मी केला होता. डिसेंबर २०१७मध्ये गृहखात्यानं मार्गदर्शक सूचना बदलून कौन्सिलांना बजावलं की कुणी बेघर आहे, उघड्यावर झोपतो, एवढ्याच कारणानं हे आदेश वापरू नका. तो मजकूर वाचताना मला कालवा आठवला. पुढच्या वेळी आदेश तीन जागांपुरता झाला, रेघ बारीक पेनानं आखली, आणि बाकाच्या शेजारीच दर मंगळवारी त्या कार्यकर्तीला टेबल लावायला जागा दिली.

म्हणून तुमच्या गस्तवाल्याबद्दल माझी तक्रार कायद्याची नाही, तारतम्याची आहे. कलम ६३ त्याला 'सांगू शकतो' असं म्हणतं, 'सांगितलंच पाहिजे' असं नाही. पार्कात सहलीला आलेलं कुटुंब आणि सकाळपासून वाटसरूंना अडवणारं टोळकं यांत फरक त्यानंच करायचा असतो. आता चार तरुण सावळी पोरं बसलेली दिसली की हे तारतम्य जरा लवकर संपतं का? माझ्या अनुभवात कधी कधी संपतं. शेजारच्या चादरीवर प्रोसेको पिणाऱ्या मंडळींना सोडून तुम्हालाच उठवलं असेल, तर कौन्सिलकडे लेखी तक्रार जरूर करा. तारीख, वेळ, नेमकी जागा, जाकिटावरचा क्रमांक. गस्तवाल्याच्या कपड्यावरच्या कॅमेऱ्याचं चित्रण फार दिवस ठेवत नाहीत, म्हणून आठवडाभरातच लिहा. कॅनचे पैसे मागू नका. एवढंच विचारा की आम्हाला सांगण्यामागचं कारण काय होतं आणि त्याच वेळी आणखी कुणाकुणाला सांगितलं. हा प्रश्न माझ्या टेबलावर आला की मला उत्तर शोधावंच लागतं.

उलट बाजूनंही मराठी माणसं मला गाठतात, हे सांगायला हवं. मंडळातल्या एक काकू बसस्थानकासमोरच राहतात; रात्री खिडकीखाली आरडाओरडा, सकाळी पायरीवर काचा आणि उलटी. "तू कौन्सिलात आहेस ना गं, मग बंदी घाल," असं त्या हळदीकुंकवातसुद्धा सुनावतात. महाराष्ट्रात बायकांनी सह्या गोळा करून, आडव्या बाटलीवर मतं देऊन गावातली दुकानं बंद केली, तसं काही इथे असेल असं त्यांना वाटतं. इथे मतदान नाही. इथे वहीला किंमत आहे. प्रत्येक वेळी पोलिसांच्या १०१ नंबरला फोन, मिळालेला नोंद क्रमांक वहीत, काच सापडली तर फोटो. सफाईवाल्यांनी उचललेल्या बाटल्यांची नोंद, रुग्णवाहिका आली असेल तर ती तारीख. शंभर सह्यांच्या अर्जापेक्षा अशी तीन महिन्यांची एक वही मला कमिटीपुढे जास्त उपयोगी पडते, कारण 'सतत चालणारा प्रकार' हे कायद्यातले शब्द तीच सिद्ध करते. काकूंनी वही घातली आहे. मराठीतच लिहितात, मी भाषांतर करून देते.

आता सहल. आधी कौन्सिलच्या वेबसाइटवर तुमच्या पार्काचा आदेश आणि त्याचा नकाशा काढा. तो तिथे प्रसिद्ध करणं बंधनकारक आहे. पूर्ण पार्क आत असेलच असं नाही, पुष्कळदा फक्त खेळाच्या मैदानाची बाजू किंवा तलावाचा काठ असतो. तेवढं सोडून बसलात की प्रश्नच मिटला.

आत असेल तर मुख्य गोष्ट ही की तुम्ही दारू विकणार आहात की नुसती आणणार आहात. जो तो आपली आणतो किंवा मंडळ फुकट देतं, तर परवाना लागत नाही, पण पीएसपीओ लागू राहतो आणि कुणी येऊन सांगितलं तर थांबावं लागेल. विकणार असाल तर तात्पुरत्या कार्यक्रमाची सूचना, म्हणजे टेम्पररी इव्हेंट नोटीस, द्यावी लागते. फी २१ पौंड, माणसं जास्तीत जास्त ४९९, आणि कार्यक्रमाच्या किमान दहा कामाच्या दिवसांआधी. सूचना दिल्याचा आणि कार्यक्रमाचा दिवस त्यात धरू नका. इथे आपली मंडळं हमखास चुकतात: तिकीट पंधरा पौंड, त्यात मिसळ आणि एक ग्लास वाइन, हीसुद्धा कायद्यानं विक्रीच. गल्ल्यावर बसलेला माणूस नसला म्हणून ती फुकट होत नाही. 'देणगी' असं नाव देऊन ग्लास हातात ठेवणंही त्यातच मोडतं.

या नोटिशीचा दुसरा फायदा फार कमी जणांना ठाऊक असतो. ती लागू असते तेवढ्या जागेत आणि तेवढ्या वेळात पीएसपीओचा दारूचा भाग लागूच होत नाही, आणि वेळ संपल्यावरही अर्धा तास सवलत राहते. पबची बाग किंवा परवाना असलेली पदपथावरची टेबलं आदेशाच्या हद्दीत असूनही मोकळी असतात, त्याच न्यायानं. त्यामुळे मोठी सहल असेल आणि कुणी मध्येच येऊन उठवू नये असं वाटत असेल, तर वाइन असलेलं तिकीट ठेवून २१ पौंड भरणं हा सरळ मार्ग आहे. मात्र जागेचा मालक म्हणून पार्क विभागाची परवानगी वेगळी घ्यावी लागते, ती नोटिशीत येत नाही, आणि ऑगस्टासाठी ती आत्ताच मागा. आमच्याकडे मोठ्या कार्यक्रमाला तीन महिने आधी अर्ज लागतो.

पंचवीस-तीस माणसांची घरगुती सहल असेल तर एवढा खटाटोप करू नका. समाजसुरक्षा विभागाला आठवडाभर आधी एक ईमेल टाका: मंडळाचं नाव, तारीख, वेळ, कुठल्या झाडाखाली, किती माणसं, किती मुलं, जबाबदार कोण आणि त्याचा फोन. असा ईमेल आला की मी तो त्या दिवशीच्या गस्तीच्या कागदावर चिकटवते. गस्तवाला येतो, नमस्कार-चमत्कार होतात, कुणीतरी त्याच्या हातावर वडापाव ठेवतं आणि तो पुढे जातो. काचेच्या बाटल्या आणू नका, कॅनच आणा. पार्कात लहान मुलं अनवाणी खेळतात आणि माझ्या फायलीत काचेच्या तक्रारी दारूच्या तक्रारींपेक्षा जास्त आहेत. मंडळातल्या सोळा-सतरा वर्षांच्या मुलांच्या हातात चुकूनही ग्लास दिसू देऊ नका. १८ वर्षांखालच्यांकडून दारू काढून घ्यायचा पोलिसांचा अधिकार वेगळ्या, १९९७च्या कायद्यातला आहे, त्याला ना हद्द लागते ना बोर्ड.

आणि गस्तवाला आलाच, तर कार्ड मागायला हरकत नाही. मागायचं ते त्या बाकावरच्या म्हाताऱ्यासारखं, चष्मा लावून.